फीत कापली, पॅनेल आलं, आता हात कोण लावणार?

पत्र असं आहे:

"ताई, नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. वय ५१, नोकरी २७ वर्षं. चौथी आणि पाचवी माझ्याकडे एकत्र आहेत, मिळून ३१ मुलं. मागच्या वर्षी एका कंपनीच्या सीएसआरमधून, म्हणजे समाजकामासाठीच्या निधीतून, शाळेला मोठं टच पॅनेल मिळालं. सरपंचांनी फीत कापली, फोटो झाले, आणि ते बसवलं माझ्याच वर्गात कारण पावसाळ्यात माझी एकच खोली गळत नाही. शाळेत एक नवीन सर आलेत, शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलमधून, वय २८. त्यांना सगळं येतं. माझ्या तासाला पॅनेल लावायचं असलं तरी त्यांनाच त्यांचा वर्ग सोडून यावं लागतं. मागच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांच्या बैठकीत, माझा पाठ होता, मी बोलत होते आणि सर बटणं दाबत होते. नंतर चहाच्या वेळी एक मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या, ड्रायव्हर छान मिळालाय तुम्हाला. सरकारच्या दीक्षा ॲपवरचे कोर्स केलेत, सर्टिफिकेटांची फाइल भरलीय, पण पॅनेलसमोर उभं राहिलं की हात थरथरतो आणि पाचवीतली पोरं म्हणतात, बाई तिथं न्हाई, हितं दाबा. घरी मिस्टर म्हणतात व्हीआरएस घे. मी मुलांचं नुकसान करतेय का? शिकायचं तर नक्की काय आणि कुठून?"

बाई, व्हीआरएसचा विषय आधी संपवून टाकते म्हणजे बाकीचं निवांत बोलता येईल. पॅनेल चालवता येत नाही एवढ्या कारणावर नोकरी सोडायची नसते. तुमची अजून सात वर्षं आहेत, म्हणजे सात पाचव्या तुमच्या हाताखालून जायच्यात. आता यामागे तब्येतीचं किंवा घरचं काही असेल, किंवा सुप्रीम कोर्टाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालानंतर पाच वर्षांहून जास्त नोकरी उरलेल्यांच्या मानगुटीवर जी टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा बसलीय तिची धास्ती असेल, तर तो वेगळा विषय आहे, वेगळं पत्र लिहा, त्यावर बोलू. पॅनेलसाठी मात्र नाही हं.

मला तुमच्या पत्रात खटकलं ते वेगळंच. पत्रभर पॅनेल आहे, बटणं आहेत, नवीन सर आहेत, खवचट मॅडम आहेत, पण त्या परिषदेत तुम्ही पाठ कशाचा घेतला ते एका ओळीनंही लिहिलेलं नाही. सत्तावीस वर्षं शिकवणारी बाई स्वतःच्या पाठाबद्दलच लिहायला विसरते म्हणजे त्या काचेनं तुम्हाला किती घाबरवलंय बघा. म्हणून आपण पाठापासून सुरू करू. पॅनेल राहू दे झाकलेलं चार दिवस, ते कुठे पळून जात नाही.

एक कागद घ्या आणि आठवून लिहा की चौथी-पाचवीत कुठला भाग आला की दरवर्षी गाडी अडते. पोरं बदलतात, पुस्तकं बदलतात, पण अडायची जागा तीच. ही यादी नवीन सरांकडे नाहीये, त्यांना ती जमवायला दहा वर्षं लागतील. ली शुल्मन नावाच्या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांनी १९८६ मध्ये हेच मांडलं होतं, की विषय येणं वेगळं, शिकवायच्या सर्वसाधारण पद्धती येणं वेगळं, आणि हा धडा या पोरांना कुठे अडतो, कसा सांगितला की उमगतो हे माहीत असणं ते तिसरंच ज्ञान, जे फक्त शिक्षकाकडे असतं. पुढे २००६ मध्ये पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर या संशोधकांनी त्यात तंत्रज्ञान जोडलं. त्यांचं म्हणणंही तेच की यंत्राचं ज्ञान एकटं काही कामाचं नाही, ते त्या तिसऱ्या ज्ञानात मिसळलं पाहिजे. म्हणजे अवघड सामान तुमच्याकडे आधीच आहे. राहिलंय ते सोपं सामान, ते फक्त चकचकीत आहे म्हणून अवघड वाटतं.

आपल्याकडे गडबड कुठे होते माहितीये का, प्रशिक्षण उलट्या टोकाकडून सुरू होतं. मी बरीच वर्षं सुलभक, म्हणजे शिक्षकांना शिकवणारी, म्हणून केंद्रावर आणि तालुक्याला प्रशिक्षणं घेतलीत म्हणून सांगते. पन्नास-साठ शिक्षक एका हॉलमध्ये, पुढे पीपीटी, हे ॲप असं डाउनलोड करा, इथे लॉगिन करा, ओटीपी येईल, ओटीपी काही येत नाही, जेवणाची सुट्टी. स्कूटी कुणी हॉलमध्ये बसून शिकतं का? आधी घर ते दळणाची गिरणी एवढाच रस्ता, मग बाजार, मग कधीतरी हायवे, आणि पहिल्या दिवसापासून हँडल आपल्याच हातात. पॅनेलचंही तसंच, गिरणीपर्यंतचा रस्ता म्हणजे तुमच्या यादीतला एक धडा.

सर्टिफिकेटांबद्दल वाईट वाटून घेऊ नका. दीक्षा २०१७ च्या शिक्षकदिनाला आलं, २०१९ मध्ये निष्ठा हे शिक्षक प्रशिक्षण सुरू झालं, कोविडमध्ये २०२० ला तेच ऑनलाइन झालं, आणि नवीन शैक्षणिक धोरणात तर प्रत्येक शिक्षकानं वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं लिहिलंय. हेतू चांगलाच आहे. पण व्हिडिओ एकीकडे चालू ठेवून दुसरीकडे मेथी निवडली की तास भरतात, मेथीही निवडून होते, आणि शिकायचं तेवढं राहून जातं. सगळ्यांचं तसंच चाललंय, तुमचं एकटीचं नाही. त्या कोर्समधलं काही उपयोगी असेलही, पण ते तुम्हाला तुमच्या अडलेल्या धड्यापाशी उभं राहिल्यावर सापडेल, आत्ता नाही.

आणि ज्यांचं नाव घेऊन आपल्याला उठसूट टोचलं जातं ते रणजितसिंह डिसले सर. डिसेंबर २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ स्पर्धकांना वाटून दिली, हे सगळं आपण ऐकलंय. पण लोक क्यूआर कोडच लक्षात ठेवतात. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या शाळेत ते गेले तेव्हा तिथल्या बऱ्याच मुलांची घरची भाषा कन्नड होती आणि पुस्तक होतं मराठीत. सरांनी आधी स्वतः कन्नड शिकून घेतली, पुस्तकातला मजकूर पोरांच्या भाषेत आणला, आणि मग त्या पोरांना कविता, गोष्टी, व्हिडिओ घरीही मिळावेत म्हणून पुस्तकात कोड चिकटवले. पुढे बालभारतीच्या सगळ्याच पुस्तकांत कोड आले. म्हणजे आधी पोरं कुठे अडली ते बघितलं, कोड मागाहून आला. आपल्याकडे मात्र कोड आधी येतो, पॅनेल आधी येतं, फीत आधी कापली जाते आणि मग सगळे विचार करतात की याचं करायचं काय.

आता प्रत्यक्ष धडा घेऊ. पाचवी आहे म्हणजे तुमच्या यादीत अपूर्णांक असणारच, पैजेवर सांगते. १/३ मोठा की १/४ मोठा विचारलं की अर्धा वर्ग १/४ म्हणतो, कारण तीनापेक्षा चार मोठे. आपण भाकरी दाखवतो, कागदाच्या घड्या घालतो, आणि अर्धा, पाव, अष्टमांश झकास जमतं. पण तीन किंवा पाच समान भाग घडीनं करायला गेलं की एक भाग लहान एक मोठा होतो, पोरं त्यावरच भांडत बसतात, मूळ मुद्दा राहतो बाजूला. बरोबर ना? ही जागा पॅनेलची आहे, कारण कागद इथे हात टेकतो.

फेट नावाची सिम्युलेशन्स आहेत, मोफत. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात कार्ल वीमन या नोबेलविजेत्या भौतिकशास्त्रज्ञानं २००२ मध्ये तो प्रकल्प सुरू केला. बरीचशी मराठीत झालेली आहेत, आणि आपल्या शाळांच्या दृष्टीनं लाखमोलाची गोष्ट म्हणजे फाइल एकदा डाउनलोड करून ठेवली की नेट नसलं तरी ब्राउझरमध्ये उघडते. त्यात अपूर्णांकांची ओळख करून देणारं एक आहे. एक वर्तुळ असतं आणि छेद वाढवायला-कमी करायला बाण. बाण दाबला की तीनाचे चार भाग, चाराचे पाच, अगदी समान, आणि तुकडा डोळ्यांदेखत बारीक होत जातो.

पण बाण लगेच दाबायचा नाही. सगळी गंमत तिथेच आहे आणि बहुतेक लोक तिथेच माती खातात. आधी पॅनेल बंद असतानाच फळ्यावर १/३ आणि १/४ लिहा, मोठा कुठला ते प्रत्येकानं वहीत लिहायचं, कारणासकट, शेजारच्याचं बघायचं नाही. हात वर करून घ्या, किती तीनवाले, किती चारवाले, फळ्याच्या कोपऱ्यात आकडा टाका आणि गप्प राहा, कोण बरोबर ते सांगायचं नाही. मग पॅनेल लावा, तीन भाग करा, एक रंगवा. आता विचारा, मी चार केले तर हा तुकडा वाढेल की कमी होईल? पोरांना भांडू द्या. चारवाला एखादा गडी ठामपणे म्हणेल वाढणार, त्यालाच पुढे बोलवा आणि बाण त्यालाच दाबू द्या. तो दाबेल आणि दोन सेकंद बघत राहील, ते दोन सेकंद घाई करू नका, तुमचा सगळा पाठ त्या दोन सेकंदांत आहे. मग पाच, मग सहा, दर वेळी आधी अंदाज आणि मग बाण. दहा मिनिटांत पॅनेल बंद. पुन्हा वही, आपलं पहिलं उत्तर तपासा आणि चुकलं असेल तर का चुकलं ते स्वतःच्या शब्दात लिहा. दुसऱ्या दिवशी पॅनेल न लावता फळ्यावर १/७ आणि १/९ विचारा. किती बरोबर आले ते कालच्या आकड्याशेजारी लिहून ठेवा. पॅनेलचा उपयोग झाला की नाही हे त्या दोन आकड्यांवरून तुम्हाला कळेल, त्यासाठी कुठलं रिपोर्टिंग ॲप लागत नाही.

तोपर्यंत चौथीचं काय? त्यांना वहीतलं काम द्या, नेहमी देता तसं, पण खरं सांगू का, ती बघतच बसणार आणि बघू दे, पुढच्या वर्षी त्यांनाच हे यायचंय.

एवढा एकच धडा पक्का करा. जिओजेब्रा, कॅनव्हा, प्लिकर्स असली ॲप्स, आणि नवीन सर रोज जे काही नवीन दाखवतात ते सगळं नंतर. एका सहामाहीत असे दोन-तीन धडे झाले तरी पुष्कळ, वर्षाला पाच, आणि सात वर्षांत किती होतात तुम्हीच बघा.

आता उलटी बाजू. चौथीला शिवरायांचा इतिहास तुम्ही सांगता, आणि एवढी वर्षं पावनखिंड सांगणाऱ्या बाईंच्या वर्गात टाचणी पडली तर ऐकू येते हे मला कुणी सांगायला नको. तिथे कृपा करून यूट्यूबवरचं ढणढण म्युझिकवालं कार्टून लावू नका. ते लावलं की पोरांच्या डोक्यात बाजीप्रभू त्या कार्टूनसारखेच दिसणार, तुमच्या आवाजातले बाजीप्रभू गेले. गोष्ट पूर्ण तोंडी सांगा. मग पॅनेलवर गुगल अर्थ उघडा, पन्हाळा शोधा, विशाळगड शोधा, नकाशा तिरका करा, म्हणजे डोंगर उभे दिसतात. आणि मग विचारा, जुलैचा महिना, धो धो पाऊस, रात्र, मागे सिद्दीचं सैन्य, तुम्ही कुठल्या वाटेनं गेला असता? सांगली जिल्ह्यातली पोरं आहेत, पन्हाळा सहलीला पाहिलेला असतो त्यातल्या काहींनी, पण त्या गडावरून विशाळगडापर्यंत मधे केवढं रान आणि केवढे चढउतार आहेत हे सहलीच्या गाडीतून कळत नाही. पाच मिनिटं पुरेत. नेट दगा देतं म्हणून आदल्या दिवशी तेवढ्या भागाचे तीन-चार स्क्रीनशॉट काढून पेनड्राइव्हवर ठेवा.

यूट्यूबवरून काही दाखवायचंच असेल तर घरी शेवटपर्यंत बघा, आणि ऑफलाइन करून आणा, नाहीतर गणिताच्या मधे कसलीतरी जाहिरात लागते आणि पोरं दिवसभर तीच म्हणत बसतात. दीक्षावरचंसुद्धा ॲपमध्ये डाउनलोड करून ठेवता येतं. गोष्टींसाठी प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर बघा, मराठीत ढीगभर चित्रगोष्टी आहेत, मोफत आणि रीतसर वापरायची परवानगी असलेल्या, मोठ्या पडद्यावर एक-एक पान उलटत वाचायला फार छान. आणि विज्ञानासाठी पॅनेलपेक्षा अरविंद गुप्तांच्या साइटवरची टाकाऊतून केलेली खेळणी बघा, पडद्यावर बघायची ती तुम्ही, पोरांनी हातानं करायची.

नवीन सरांबद्दल. गुणी माणूस दिसतोय, स्वतःचा वर्ग सोडून तुमच्याकडे येतात, पण ते चुकीची मदत करतायत आणि तुम्ही ती करून घेताय. त्यांना स्पष्ट सांगा, सर, तुम्ही हात खिशात घालून उभे राहायचं, मी दाबणार, चुकलं तर फक्त तोंडानं सांगायचं. माहीत असलेल्या माणसाला हे भयंकर जड जातं, त्यांचा हात सारखा पुढे येईल, तो मागे ढकला. बदल्यात तुम्ही त्यांना काय देणार ते पण ठरवा, कारण फुकटची मदत फार दिवस टिकत नाही. त्यांच्याकडे पहिली-दुसरी असेल तर त्यांना रडणारं पोर कसं बसवायचं, दोन वर्ग एकावेळी कसे ओढायचे, जोडाक्षराला कुठे थांबायचं, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत तावातावानं बोलणाऱ्या पालकाला काय उत्तर द्यायचं यातलं काही येत नसणार, आणि हे विचारायची त्यांनाही लाज वाटत असणार. आठवड्यातून एकदा तुम्ही त्यांच्या वर्गात बसा, एकदा ते तुमच्या. अजून एक बघा, शाळेची सगळी ऑनलाइन माहिती त्यांच्याच डोक्यावर टाकलीय का? पगाराचं शालार्थ, शाळेच्या माहितीचं युडायस, पोषण आहाराची रोजची नोंद, आणि ती 'आज पाचच्या आत लिंक भरा'वाली फर्मानं? तरुण आहे, कॉम्प्युटर येतो, म्हणून सगळ्या शाळा हेच करतात आणि दोन वर्षांत चांगला शिक्षक क्लार्क होऊन बसतो. त्यातलं एखादं काम तुम्ही उचला. ते काही वर्गातलं तंत्रज्ञान नव्हे, त्यानं एकाही पोराला काही येत नाही, पण सरांचा अर्धा तास वाचेल आणि तुमचा हात वळेल.

पोरं म्हणतात "बाई, हितं दाबा", त्याचा तुम्हाला कमीपणा वाटतो. मला तर ऐकून बरं वाटलं. ज्या वर्गात पोरं बाईंना एवढं मोकळेपणानं सांगतात तो वर्ग घाबरलेला नाहीये. शाळेत मंत्रिमंडळ असेलच, आरोग्यमंत्री, सहलमंत्री, त्यात तंत्रज्ञानमंत्री करा, दोघं, एक मुलगी एक मुलगा, दर महिन्याला बदलायचे. पॅनेल चालू करणं, पेन जागेवर ठेवणं, कोरड्या मऊ फडक्यानं पुसणं हे त्यांचं खातं. एक अट, मंत्र्यांनी सांगायचं, दाबायचं बाईंनी. आणि महिन्याला बदलायचे म्हणजे बदलायचे, नाहीतर घरी स्मार्टफोन असलेली दोन पोरंच वर्षभर पॅनेलपाशी उभी राहतात आणि ऊसतोडीवरून परत आलेलं पोर मागेच बसून राहतं.

मराठी टायपिंगवर अडत असाल तर सोडून द्या ते. फोनच्या जीबोर्डमध्ये मराठी भाषा टाका, माइकचं चिन्ह दाबा आणि बोला, निम्म्याहून जास्त बरोबर उमटतं, उरलेलं हातानं दुरुस्त करायचं. स्वाध्याय असे बोलून तयार करा. जुन्या सीडीवरच्या फॉन्टमधली फाइल कुणी दिली आणि सगळ्या किड्या-मुंग्या दिसल्या तर ती तुमची चूक नाही, ती फाइल युनिकोडमध्ये नाहीये, परत पाठवा. चॅटजीपीटी, जेमिनी वगैरेंना प्रश्नपत्रिका करायला सांगता येते, शाब्दिक उदाहरणांचे नमुने भराभर मिळतात, पण मराठी कधीकधी भाषांतर केल्यासारखं येतं आणि उत्तरंही ठोकून देतं, म्हणून प्रत्येक उदाहरण स्वतः सोडवून बघितल्याशिवाय पोरांपुढे ठेवू नका. पोरांची नावं, मार्क, आधार नंबर असलं काही त्यात टाकू नका. आणि वर्गात पॅनेल लावलं की लगेच फोटो स्टेटसला, रील इन्स्टाला ही जी लागण झालीय तिच्यापासून लांब राहा. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्यांच्या माहितीला पालकांची संमती लागेल असं स्पष्ट आहे, पण कायदा बाजूला ठेवला तरी दुसऱ्याची लेकरं आहेत ती.

मुलांचं नुकसान करतेय का, हे विचारलंत. २०१५ नंतर प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र या सरकारी कार्यक्रमाच्या लाटेत गावागावांनी लोकवर्गणी काढून प्रोजेक्टर घेतले, आणि कितीतरी ठिकाणी प्रोजेक्टरचा दिवा गेला, नवीन दिव्याला पैसे नाहीत, वीजबिल थकलं, झालं, डिजिटल शाळा कपाटात. त्या शाळांतली पोरं त्यानंतर कशी शिकली? समोर उभ्या असलेल्या बाईंकडून आणि गुरुजींकडूनच. पॅनेल आठवडाभर बंद राहिलं म्हणून कुणाचं काही बुडत नाही. पण १/४ मोठा म्हणणारं पोर तसंच सहावीत गेलं आणि त्याला समजावायचं साधन वर्गातच चादरीखाली होतं, तर तेवढं नुकसान मात्र आहे, ते मी नाही म्हणणार नाही.

पुढच्या परिषदेत पाठ मागितला तर हाच घ्या, पेन तुमच्याच हातात. लाईट गेली तर फळ्यावर पट्टी काढून तसंच पुढे चालू ठेवायचं, त्याचीही तयारी हवी. पोरांचे ते आधीचे-नंतरचे आकडे आणि वहीतली वाक्यं जपून ठेवलीत तर एससीईआरटी या राज्याच्या शैक्षणिक संशोधन संस्थेच्या नवोपक्रम स्पर्धेला द्यायलाही उपयोगी पडतील, हौस असेल तर.

सुरुवात शनिवारी करा, सकाळची शाळा सुटली की. दार लोटून घ्या, सरांनाही घरी जाऊ द्या. आधी वरची चादर पूर्ण काढा, निम्मी लटकवून ठेवली तर आत गरम होतं. स्टॅबिलायझर चालू आहे ना बघा, उंदरांनी वायर कुरतडली नाही ना तेही बघा. चालू करा, आतला व्हाइटबोर्ड उघडा, पॅनेलच्या पेननं किंवा नुसत्या बोटानं काहीबाही लिहा, पुसा, परत लिहा. फळ्याचा मार्कर चुकूनही लावू नका त्याला. पेनड्राइव्ह लावून फेटची ती एक फाइल उघडा, पॅनेलवर उघडत नसेल तर शाळेचा लॅपटॉप एचडीएमआय वायरनं जोडा, वायर बहुतेक अजून खोक्यातच असेल, आणि रिमोटवर सोर्स नावाचं बटण दाबून एचडीएमआय निवडा. बाण दाबून वर्तुळाचे तीनाचे चार करून बघा. एवढं झालं की बंद करा, पण भिंतीवरचा स्विच लगेच ओढू नका, पडदा काळा झाला तरी आत बंद व्हायला त्याला थोडा वेळ लागतो. मग कुलूप लावा आणि दीडची एसटी गाठा.